खवल्या पायाची समुद्री गोगलगाय: नाव आणि वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदी महासागराच्या तळाशी, दोन हजार मीटरहून खोल, उकळत्या खनिज पाण्याच्या झऱ्यांपाशी एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर खवले असतात आणि त्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर असतो. ‘लोखंडी चिलखत घातलेली गोगलगाय’ म्हणून तिचे फोटो सगळीकडे फिरतात. फोटो पाहिलेल्यांचे प्रश्न मात्र बहुतेक वेळा तिच्या नावापाशी येऊन अडतात. ती आधी सापडली आणि तिला नाव नंतर मिळालं, असं कसं? नाव ठरवतं कोण? काळी आणि पांढरी या दोन वेगळ्या जाती का नाहीत? अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

तिचं शास्त्रीय नाव काय आणि ते कोणी ठेवलं?

क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. चोंग चेन, कॅटरिन लिन्स, जॉन कॉपली आणि अ‍ॅलेक्स रॉजर्स या चौघांनी 2015 मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलस्कन स्टडीज’ या नियतकालिकात तिचं औपचारिक वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांना फक्त नवी प्रजाती मांडून भागलं नाही. आधीच्या कुठल्याच वंशात (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) ती बसत नसल्यामुळे वंशही नवा करावा लागला.

नावाचा पहिला शब्द वंशाचा. तो ग्रीकमधून आला आहे आणि सोनेरी लोकर असलेल्या प्राण्याकडे बोट दाखवतो, कारण खवल्यांवरच्या लोहखनिजात सोन्यासारखं चमकणारं पायराइट असतं. दुसरा शब्द लॅटिन, अर्थ ‘खवले धारण करणारी’. नाव वाचलं की प्राणी डोळ्यांसमोर उभा राहतो. असं नाव मिळायला प्राण्याचं नशीब लागतं, कारण पुष्कळ प्रजातींची नावं फक्त सापडलेल्या ठिकाणावरून किंवा कुणा व्यक्तीवरून पडलेली असतात.

2001 मध्ये सापडली, मग नावासाठी 2015 का उजाडावं लागलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो रास्तच आहे.

आधी घटनाक्रम पाहू. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवरचं कैरेई हे झऱ्यांचं क्षेत्र जपानी संशोधकांनी 2000 मध्ये शोधलं. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी मोहिमेत दूरनियंत्रित पाणयानाने तिथे ही गोगलगाय टिपली. 2003 मध्ये आंदेर्स वारेन आणि सहकाऱ्यांनी तिच्या लोहयुक्त खवल्यांबद्दल ‘सायन्स’मध्ये छोटा लेख लिहिला आणि जगभर गाजावाजा झाला. मात्र त्या लेखात तिला औपचारिक नाव दिलेलं नव्हतं. त्यानंतर कवचाच्या मजबुतीवर काम झालं, तिच्या पोटातल्या जिवाणूंवर झालं, 2009 मध्ये सॉलिटेअर क्षेत्रात तिची पांढरी भावंडं सापडली. एवढं सगळं होऊनही नियमांच्या दृष्टीने ती निनावीच होती. नैर्ऋत्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवर लाँगची नावाचं क्षेत्र आहे. तिथे 2011 मध्ये ‘जेम्स कुक’ हे ब्रिटिश संशोधन जहाज गेलं आणि भरपूर नमुने हाती आले. औपचारिक वर्णन उभं राहिलं ते याच नमुन्यांवर.

नुसत्या फोटोवरून आणि लोकप्रियतेवरून नाव देता येत नाही. कवच, दंतपट्टिका (तोंडातली दातेरी पट्टी), कल्ले, आतड्यांची रचना, जनुकं हे सगळं जवळच्या नातलगांशी ताडून पाहावं लागतं. ‘आमची वेगळी ती कशात?’ याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. हे काम कौशल्याचं आहे, वेळखाऊ आहे आणि त्याला पैसा सहज मिळत नाही. माझ्या मते चौदा वर्षं फार झाली. तरीही घाईगर्दीत दिलेलं कच्चं नाव पुढच्या पिढ्यांना निस्तरावं लागतं, हेही तितकंच खरं.

नाव नसलं म्हणून प्राण्याचं काय बिघडतं?

प्राण्याला काही फरक पडत नाही. त्याच्या संरक्षणाला मात्र पडतो.

2019 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत ही गोगलगाय ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदली गेली. खोल समुद्रातील खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ही जगातली पहिली प्रजाती. त्या वेळी तिची तीनच वसतिस्थानं माहीत होती: कैरेई, सॉलिटेअर आणि लाँगची. तिन्ही मिळून क्षेत्र एका चौरस किलोमीटरच्या काही शतांशांइतकंच. त्यातल्या कैरेई आणि लाँगचीवर खनिज शोधाचे परवाने दिलेले होते, पहिल्यावर जर्मनीला आणि दुसऱ्यावर चीनला.

ही नोंद नावाच्या ओळीपासून सुरू होते. ज्याला नाव नाही, त्याच्या प्रसाराचा नकाशा कुणाच्या नावाने काढायचा? खाणकामाच्या पर्यावरण अहवालात त्याचा उल्लेख कसा करायचा? ‘एक अनोळखी गोगलगाय’ असं लिहून कुणाचं काम थांबत नाही. 2015 चं वर्णन झालं नसतं, तर 2019 ची नोंद होणं महाकठीण होतं. पुढे 2021 मध्ये जगभरच्या अशा झऱ्यांपाशीच राहणाऱ्या 184 मृदुकाय (गोगलगायी, शिंपले अशा मऊ अंगाच्या) प्रजातींचं मूल्यमापन झालं आणि त्यांतल्या 62 टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. त्या 184 पैकी प्रत्येकीमागे कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून केलेलं वर्णन आहे. वर्गीकरण म्हणजे कपाटात बाटल्या मांडून ठेवणं, असा समज असलेल्यांना मी हेच उदाहरण देते.

‘नवीन प्रजाती’ म्हणजे नुकतीच निर्माण झालेली का?

नाही. विज्ञानासाठी नवीन, एवढाच अर्थ. बातम्यांमध्ये ‘नव्याने वर्णन केलेली प्रजाती’ असं लिहिलं तर हा गोंधळच होणार नाही.

नाव देण्याचे नियम कुठले? परवानगी कोण देतं?

परवानगी देणारं कार्यालय नाही. प्राण्यांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि तिच्या अटी पूर्ण झाल्या की नाव ग्राह्य ठरतं. सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. आरंभबिंदू धरला आहे 1758, म्हणजे दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीचं वर्ष.

ठळक अटी अशा. नाव रोमन लिपीत असावं आणि प्रजातीचं नाव दोन शब्दांचं असावं. ते नवं आहे हे लेखात स्पष्ट म्हटलेलं असावं. इतरांपासून वेगळेपण सांगणारं वर्णन असावं. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवावा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते लिहावं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात नाव प्रसिद्ध होत असेल, तर 2012 पासून ‘झूबँक’ या नोंदवहीत आधी नोंद करणं सक्तीचं आहे.

वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला ‘नग्न नाव’ म्हणतात, म्हणजे अंगावर वर्णनाचं वस्त्र नसलेलं. ते कितीही जणांनी वापरलं तरी त्याला मान्यता नाही.

होलोटाइप म्हणजे सर्वांत चांगला नमुना का?

चांगला असावा अशी इच्छा असते, पण अट तशी नाही. होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं, तो. उद्या शंका आली, एका प्रजातीच्या दोन कराव्या लागल्या, तर मूळ नाव कुणाकडे राहणार याचा निकाल त्या नमुन्याकडे पाहून लागतो. जमिनीच्या वादात मोजणीचा दगड पाहतात, तसंच. क्रायसोमॅलॉनचा होलोटाइप लाँगचीचा आहे, कैरेईचा नाही. ती पहिल्यांदा दिसली कैरेईला, पण नावाच्या दृष्टीने तिचं मूळ गाव लाँगची. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे खटकतं. नियमाला मात्र आधी कोणी पाहिलं याच्याशी कर्तव्य नाही, वर्णन कशावरून केलं याच्याशी आहे.

कैरेईची काळी, सॉलिटेअरची पांढरी. तरी प्रजाती एकच कशी?

मला स्वतःला या सगळ्यात हा भाग सर्वांत आवडतो.

कैरेईची गोगलगाय हातात घेतली, तर पायाच्या बाजूंवर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले शेकडो खवले दिसतील, काळे आणि धातूची झाक असलेले. त्यांच्यावर पायराइट आणि ग्रेगाइट ही लोहाची सल्फाइडं असतात. ग्रेगाइट चुंबकाला ओढलं जातं. कवचाचे तीन थर असतात: बाहेर लोहसल्फाइडचा पातळ थर, मध्ये जाड सेंद्रिय थर, आत नेहमीच्या शंखांसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा थर. सॉलिटेअरच्या गोगलगायीला मात्र लोखंडाचा हा मुलामा जवळजवळ नाहीच, म्हणून ती पांढुरकी दिसते. खवले आहेत, मांडणी तीच आहे, लोह तेवढं नाही.

रंगावरून निकाल द्यायचा तर कुणीही दोन प्रजाती केल्या असत्या. पण शरीररचना जुळते आणि जनुकीय फरक प्रजाती वेगळी करण्याइतके नाहीत. फरक आहे तो पाण्यात. सॉलिटेअरच्या झऱ्यांच्या पाण्यात लोह फार कमी. 2019 च्या एका अभ्यासाने खवल्यांची आतली रचना उलगडली. त्यांत सूक्ष्म नलिकांसारख्या वाटा असतात, त्यांतून गोगलगायीच्या शरीरातलं गंधक बाहेर पडतं आणि बाहेरून झिरपणाऱ्या लोहाशी त्याची गाठ पडली की लोहसल्फाइडचे सूक्ष्म कण तयार होतात. लोह नसेल तर कण नाहीत आणि काळा रंगही नाही.

एक बारकावा इथे महत्त्वाचा. प्रजाती एक असली तरी लाँगची आणि कैरेईमधल्या गोगलगायींत जनुकांची देवाणघेवाण फारच कमी आढळली आहे. दोन्ही ठिकाणांत दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. म्हणजे एका ठिकाणची वसाहत उद्ध्वस्त झाली, तर दुसरीकडून पिल्लं वाहत येऊन ती पुन्हा भरेल, हा भरवसा धरता येत नाही. ‘प्रजाती तर दुसरीकडे आहेच ना’ हे म्हणणं म्हणून फसवं आहे.

खवले असलेला हा प्राणी कायटनचा नातलग आहे का?

कायटन हे आपल्याकडच्या खडकाळ किनाऱ्यावरही दिसणारे, पाठीवर आठ तकटं असलेले मृदुकाय प्राणी. त्यांच्या कडेलाही खवले असतात. शिवाय काही अतिप्राचीन जीवाश्मांवर खवले दिसतात. त्यामुळे ही गोगलगाय त्या जुन्या घराण्याचा धागा असेल का, अशी शंका येणं साहजिक होतं. 2015 मध्येच या प्रश्नावर स्वतंत्र अभ्यास झाला आणि उत्तर आलं: नाही. हे खवले तिच्या वाटेवर वेगळे, नव्याने उत्क्रांत झाले. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही गोगलगायीच्या पायावर असे खवले नाहीत.

वर्गीकरणात सर्वांत ठसठशीत दिसणारी खूण नातं सांगेलच असं नाही.

मग ती नेमकी कुठल्या कुटुंबातली?

मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग (गोगलगायी आणि शंखवाल्यांचा), निओम्फॅलिडा गण, पेल्टोस्पिरिडी कुल, क्रायसोमॅलॉन वंश.

निओम्फॅलिडा हा सगळा गट माणसाला उशिरा कळला. समुद्रतळाचे गरम झरे पहिल्यांदा सापडले ते 1977 मध्ये, गालापागोसजवळ. त्यानंतर 1981 मध्ये तिथल्या निओम्फॅलस फ्रेटेरी या प्रजातीचं वर्णन झालं आणि अशा गोगलगायींचं स्वतंत्र घराणंच आहे हे हळूहळू उमगत गेलं. या घराण्याची वरची पायरी कोणती, उपवर्ग की आणखी काही, यावर मतं बदलत आली आहेत, म्हणून जुन्या आणि नव्या लेखांत वेगवेगळे शब्द दिसतील. कुल आणि वंश यांबाबत मात्र गोंधळ नाही.

तिचं राहणीमान मात्र कुटुंबात उठून दिसतं. ती चरत नाही. अन्ननलिकेजवळच्या प्रचंड मोठ्या ग्रंथीत ती जिवाणू पोसते आणि ते तिला पोसतात. या जिवाणूंना लागणारा प्राणवायू पोहोचवायला हृदयही तसंच मोठं, शरीराच्या आकारमानाच्या सुमारे 4 टक्के. लाँगचीमध्येच राहणाऱ्या जायगँटोपेल्टा एजिस या तिच्या चुलत बहिणीनेही हाच संसार मांडला आहे. तिचं वर्णनही 2015 चंच.

नावापुढे लेखकाचं नाव आणि वर्ष लिहितात. ते कधी कंसात असतं, कधी नसतं. चूक आहे का?

चूक नाही, कंसाला अर्थ आहे. प्रजाती आज ज्या वंशात आहे त्याच वंशात तिचं मूळ वर्णन झालं असेल, तर कंस नसतो: क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम चेन आणि इतर, 2015. वंश नंतर बदलला असेल तर कंस येतो. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत ज्या कवड्या असतात, त्यांतली ओळखीची कवडी म्हणजे मोनेटारिया मोनेटा (लिनिअस, 1758). लिनिअसने तिला सिप्रिया वंशात टाकलं होतं, पुढे वंश बदलला, म्हणून तो कंसात गेला. दोन चिन्हांत केवढा इतिहास मावतो, पाहा. म्हणून माझी विनंती असते की मजकूर टाइप करताना हे कंस ‘सारखे दिसावेत’ म्हणून काढू किंवा घालू नका.

हे नाव पुढे बदलू शकतं का?

वंश बदलला तर पहिला शब्द बदलेल. दुसरा शब्द टिकतो, फार तर लिंगानुसार शेवटचं अक्षर बदलतं. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावं दिल्याचं उघड झालं, तर साधारणपणे जुनं नाव चालतं.

अशी दुहेरी नावं किती असू शकतात? युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरची लिटोरिना सॅक्सॅटिलिस ही छोटी गोगलगाय रंगारूपाने इतकी बदलते की 1792 च्या पहिल्या वर्णनानंतर तिला शंभरावर नावं पडली. प्रत्येक वेळी कुणाला तरी ती नवीन वाटली. आता ‘मॉलस्काबेस’ या मृदुकाय प्राण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत आणि सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत कुठलं नाव ग्राह्य आणि कुठलं मागे पडलेलं, ते कुणालाही विनामूल्य पाहता येतं. नाव कुठेही वापरण्याआधी तिथे एकदा बघून घ्यावं.

शोधणारा स्वतःचं नाव देऊ शकतो का?

संहितेत सरळ मनाई नाही, पण ते शिष्टसंमत मानत नाहीत. दुसऱ्याच्या सन्मानार्थ देता येतं. रोमन लिपीत पुरुषाच्या नावाला साधारणपणे ‘i’ हे अक्षर जोडतात, स्त्रीच्या नावाला ‘ae’ ही दोन अक्षरं. वर आलेली ‘फ्रेटेरी’ ही व्हेरा फ्रेटर या ब्रिटिश मृदुकायतज्ज्ञ बाईंच्या नावाने आहे. गरम झऱ्यांपाशीच राहणाऱ्या, काटेरी कवचाच्या एका गोगलगायीला पंक रॉक गायक जो स्ट्रमर यांचं नाव दिलं आहे: अल्व्हिनिकॉन्का स्ट्रमेरी. आणि तिच्याच वंशातली, कैरेईत राहणारी एक आहे अल्व्हिनिकॉन्का मॅरिसइंडिका, म्हणजे हिंदी सागराची. मला हे शेवटचं नाव फार आवडतं.

भारताचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो वाढणार आहे. 2016 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. त्यानुसार मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरी पर्वतरांगांवर 10,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधात्विक सल्फाइडांचा शोध घेण्याचा हक्क 15 वर्षांसाठी मिळाला. हे सल्फाइड साचतं ते नेमकं अशा झऱ्यांपाशीच. या शोधाचं काम पाहते गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था. खनिजाचा नकाशा करणाऱ्या प्रत्येक जहाजावर प्राणी ओळखू शकणारी, त्यांचं वर्णन करू शकणारी माणसंही हवीत, असं माझं ठाम मत आहे. नमुने वर आले आणि त्यांना नाव देणारं कुणी नसलं, तर आपण काय गमावतोय हे आपल्याला कळणारसुद्धा नाही.

जाता जाता: सॉलिटेअर क्षेत्र मॉरिशसच्या सागरी हद्दीत येतं. तिथल्या आपल्या मराठी मंडळींसाठी पांढरी खवल्या गोगलगाय ही घरचीच म्हणायची.

मराठीत तिला काय म्हणावं?

रूढ नाव अजून नाही. इंग्रजी टोपणनावांपैकी एकाचा अर्थ ‘समुद्री खवलेमांजर’ असा होतो, आणि कोकणात खवलेमांजर माहीत असलेल्यांना ते लगेच भिडेल. पण त्याने ती मांजर की मासा असा घोळ व्हायचा. म्हणून मी ‘खवल्या पायाची गोगलगाय’ लिहिते. मराठी नावाला कुठल्याही संहितेचं बंधन नाही, त्यामुळे याहून चांगलं सुचलं तर जरूर वापरा. फक्त लेखात एकदा तरी शास्त्रीय नाव द्या.

मला किनाऱ्यावर अनोळखी शंख सापडला. तो नवीन प्रजातीचा असू शकतो का?

असू शकतो, विशेषतः काही मिलिमीटरच्या बारक्या गोगलगायी आणि कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी. मोठे, देखणे शंख बहुधा आधीच नोंदलेले असतात.

पहिलं काम म्हणजे जागेवरच फोटो: वरून, खालून, तोंडाच्या बाजूने, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. तारीख, ठिकाण, भरती होती की ओहोटी, खडक की वाळू, हे तिथेच लिहून ठेवा. प्राणी जिवंत असेल तर उचलून घरी नेऊ नका. काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे आणि रिकामं कवच वाटलं तरी आत शंखखेकडा असू शकतो. फोटो आयनॅचरलिस्ट या जीव ओळखण्याच्या संकेतस्थळावर टाका. मुंबईत असाल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या किनारा फेरीला जा, तिथे ओळखणारी डोळस माणसं भेटतात.

आणि खरंच नवीन निघाला, तर जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. दोनापावला, गोवा येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यांतली दोन ठिकाणं. सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. फोटो आणि नोंदी घेऊन आधी तिथल्या अभ्यासकांशी बोला. नमुना कसा घ्यायचा, अल्कोहोल किती तीव्रतेचं वापरायचं, जनुकांसाठी कुठला तुकडा वेगळा ठेवायचा, हे ते सांगतील. फॉर्मॅलिनमध्ये मात्र परस्पर बुडवू नका. त्यातून नंतर चांगला डीएनए मिळवणं फार अवघड जातं.